कॅप्टनचा पाट

भोयरकाकांच्या घरी झुरळ मारायचं काम काकूंकडे होतं. काका झुरळाला कागदावर घ्यायचे, तो कागद दोन्ही हातांनी सांभाळत फाटकापर्यंत न्यायचे आणि "जाय बापा, आता येऊ नको" असं म्हणून त्याला रस्त्यावर सोडायचे. झुरळ त्यांच्या आधी घरात परत यायचं, हा भाग वेगळा. मग काकू चप्पल घेऊन उठायच्या आणि तेवढा वेळ काका समोरच्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसायचे.

अशा माणसाच्या दिवाणात मिलिटरीची रायफल आहे हे मला कळलं तेव्हा माझ्या हातातली बासुंदीची वाटी खाली पडली. खरंच पडली. काकूंच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बासुंदी पसरली आणि मी आपली तशीच उभी.

आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात नवीनच राहायला आलो होतो. दसऱ्याचं सोनं आणि बासुंदीची वाटी द्यायला म्हणून मी शेजारी गेले, तर काका आतून ओरडले, "ये वं सुनंदा, आधी दर्शन घेऊन घे." मी भक्तिभावानं मान लववून आत गेले. पाटावर लाल मखमल, मखमलीवर झेंडूची माळ, बाजूला समई, पंचामृताची वाटी. सगळं जिथल्या तिथे. फक्त माळेच्या आत देव नव्हता, बंदूक होती. लाकडी दस्त्याची, काळ्या नळीची, सिनेमातल्या सैनिकाच्या खांद्यावर असते तशी. तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कॅप्टन," काका म्हणाले. "नमस्कार कर."

आणि काकू पोछा घेऊन येता येता म्हणाल्या, "घाबरू नको वं. तो काही करत नाही. खाऊन-पिऊन पडून राह्यते दिवाणात, ह्यायच्यावानीच."

काकांचं इतवारी बाजारात पितळी भांड्यांचं दुकान होतं. ठेंगणी मूर्ती, पांढरा सदरा, आवाज इतका मऊ की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांना एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात आली की ते तिला नखानं टिचकी मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. दुकानात ते ठीकच होतं. पितळेची घागर कशी वाजते त्यावरून तिला चीर आहे की नाही ते कळतं. पण काका टरबुजाला टिचकी मारायचे, आमच्या नव्या दाराला मारायचे, डॉक्टरच्या टेबलाला मारायचे. त्यांचा मुलगा नीलेश लहान असताना शाळेतून आला की त्याच्या टाळूवर टिचकी मारून म्हणायचे, "वाजते कशी पाह्य! चीर नाही, काही नाही. माल एक नंबर." नीलेश पुढे इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, तरी सुट्टीत आला की आधी टिचकी आणि मग पाया पडणं, असा क्रम होता.

कॅप्टनलाही रोज संध्याकाळी एक टिचकी मिळायची.

ही बंदूक काकांच्या वडिलांनी कामठीच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या कॅप्टनकडून घेतली होती, रीतसर लायसन्सवर. अमेरिकन कारबाइन, म्हणजे आखूड रायफल, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सेमी-ऑटोमॅटिक. बोल्ट, म्हणजे बाजूचा खटका, एकदा ओढायचा, मग प्रत्येक वेळी चाप ओढला की एक गोळी जाते आणि पुढची आपोआप जागेवर येऊन बसते. असली बंदूक आता नव्यानं मागायला गेलं तर सामान्य माणसाला कोणी दारात उभं करत नाही. वडिलांमागे वारस म्हणून ती काकांच्या नावावर झाली. त्यासाठी त्यांनी इतके खेटे घातले की कचेरीतले चपराशी त्यांना घरच्या लग्नाला बोलवायला लागले होते.

"पण काका, तुम्हाला कशाला हवी?" मी एकदा सरळ विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, प्रश्न विचारायची मला खोड आहे आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही हीही.

काकांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते काकूंनासुद्धा धड माहीत नव्हतं. तरुणपणी ते घरात न सांगता कामठीला भरतीला गेले होते. उघड्या मैदानात, चड्डीवर, पोरांच्या रांगेत उभे. उंची बसेना, छाती फुगेना. मोजणाऱ्या हवालदारानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घर जाओ, सेठ." तेव्हा ते सेठ नव्हते, पण पुढे झाले.

"दुकानात मी दिवसभर वाकतो सुनंदा," काका म्हणाले. "गिऱ्हाइकापुढं वाकतो, सरकारी माणसापुढं वाकतो, हमाल रागावला तं त्याच्यापुढंही वाकतो. घरी येतो, हात धुतो, हिले हातात घेतो. पाठ आपोआप सरळ होते बघ. एकही रेघ फालतू नाही हिच्यात. तू घे हातात."

मी घेतली. खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं किळस येईल, भीती वाटेल. तसं काही झालं नाही. लाकूड गार आणि गुळगुळीत, वजन अगदी बेताचं, आणि हात कुठे ठेवायचे ते त्या वस्तूनंच मला सांगितलं. खांद्याला लावली तर माझी मान ताठ झाली. समोरच्या कपाटाच्या आरशात मी मला दिसले आणि, अगाई, मी मला आवडले! घरी येऊन मी पुन्हा आमच्या आरशापुढे जाऊन उभी राहिले. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

काकांनी ती बंदूक किती वेळा चालवली, असं मी पुढे कधीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. "कायले चालवू? चालवायसाठी थोडीच असते. आपल्याजवळ असते, एवढंच पुरते." आयुष्यात एकदाही नाही! काडतुसं होती, लायसन्सवर घेतलेली, कपाटात वेगळ्या डब्यात. दर दसऱ्याला त्यांनाही कुंकू लागे.

सेवा मात्र जोरदार. बंदुकीच्या दस्त्यातच तेलाची एक बारीक नळी बसवलेली होती, सैनिकाला जागेवर तेल घालता यावं म्हणून. काकांनी तिच्यात जवसाचं तेल भरलं होतं. घाण्यावरून आणलेलं, घरात भाजीला वापरायचं तेच. ते दस्त्याला जवस चोळायचे आणि लाकूड असं चमकायचं की तोंड बघून घ्यावं. तेच तेल मग बोल्टमध्ये, तेच चापाच्या सांध्यात, तेच जिथे थेंब जाईल तिथे. मी म्हटलं, "काका, लोखंडाला वेगळं तेल असतं ना?" तर म्हणाले, "लाकडाले चालते, पोटाले चालते, तं लोखंडाले काहून नाही चालणार?" भांडी विकण्यात ज्यांची हयात गेली त्यांना धातूबद्दल मी काय सांगणार! शिवाय दर दसऱ्याला देवाला घालावं तसं पंचामृताचं स्नान. दूध, दही, तूप, मध, साखर, चमच्याचमच्यानं, डोळे मिटून. वरून ओल्या फडक्यानं पुसायचे. आत गेलेलं आत.

निवडणूक आली की लायसन्सवाल्यांना आपापल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तो काकांच्या घरी सुतकाचा काळ. काकूंच्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यात कॅप्टनला गुंडाळायचं, रिक्षा करायची, आणि ठाण्यातल्या शिपायाला बजावायचं, "भिंतीले उभी नका ठेवू साहेब, आडवी ठेवा. थकते ती." शिपाई हसायचे. निकाल लागून ती परत घ्यायचा निरोप आला की काका दुकानाचं शटर अर्ध्यावर टाकून धावत सुटायचे. काकू माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "माहं बाळंतपण झालं तेव्हा इतक्या लवकर नव्हते आले दवाखान्यात. मेली सवत आहे माही ती."

नीलेशचंही त्या बंदुकीवर प्रेम होतं. लहानपणापासून दसऱ्याला पाटाशेजारी बसून त्याचा फोटो निघायचा. एका फोटोत तो बंदुकीपेक्षा बुटका, पुढच्यात बरोबरीचा, मग उंच. "हे तुलेच आहे बरं," काका दर वर्षी म्हणायचे. "माह्या बापानं मले देल्ली, मी तुले देईन." पुण्याहून फोन आला की तोही आधी विचारायचा, "आई कशी आहे, कॅप्टन कसा आहे?" असं सगळं लाडाकोडाचं चाललेलं होतं.

मग एका उन्हाळ्यात आमच्या भागात भर दुपारी घरफोड्या व्हायला लागल्या. नागपूरची मे महिन्याची दुपार. रस्त्यावर कुत्रं नसतं, घराघरांत कूलर गरगरत असतात, बाहेर बॉम्ब पडला तरी आत ऐकू येत नाही. चोरांना आणखी काय पाहिजे? आमच्या गल्लीतल्या एका बाईला दोघांनी घरात शिरून खुर्चीला बांधून ठेवलं. तिची अवस्था पाहून आल्यावर काका जेवले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी काडतुसांचा डबा काढला, गोळ्यांचं मॅगझिन भरून बंदुकीला लावलं आणि बोल्ट ओढून ठेवला. काकू खूप चिडल्या. "घरात भरली बंदूक ठेवता? तुमचं डोकं फिरलं काय?" काका म्हणाले, "तू झोपलेली असते दुपारी. मले काही झालं तं झालं, तुले कोणी बांधलं तं मी काय करू?" दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी दुकान बंद ठेवून घरी थांबायला लागले.

काही दिवसांनी, दुपारी, मी गच्चीवर कुरडया पालथ्या करायला गेले होते. तिथून काकांचं मागचं अंगण पूर्ण दिसतं. एक माणूस त्यांच्या मागच्या भिंतीवर चढत होता. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीवर पिशवी. उन्हाळ्यात इथं प्रत्येक जण असाच दिसतो, उन्हाची झळ लागू नये म्हणून. पण भिंतीवरून उडी मारणारा असा दिसला की काय वाटेल? मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो धपकन अंगणात उतरला. त्याच वेळी मागच्या दारात काका आले. खांद्याला कॅप्टन.

पाठ सरळ, एक डोळा मिटलेला. असे काका मी कधी पाहिले नव्हते. मला ते ओळखूच आले नाहीत.

एक क्षण तसाच गेला. मग त्या माणसानं दोन्ही हात वर केले, हसत हसत दुपट्टा सोडला आणि ओरडला, "सरेंडर बाबा, सरेंडर! किती बेल वाजवली, फोन केले! तुमच्या कूलरनं माझा जीव घेतला असता!"

नीलेश होता. न सांगता आला होता, आईबाबांची गंमत करायला. गच्चीवर मलाही हसू आलं. काकांनी शेवटच्या क्षणी पोराला ओळखलं आणि नाटक चालू ठेवलं, असंच मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. संध्याकाळी त्यांच्याकडे टरबूज कापलं, तेव्हा नीलेशनं ती गोष्ट दोनदा रंगवून सांगितली. काका कोपऱ्यात बसून होते. त्यांनी टरबुजाला टिचकी मारली नाही, हे मला नंतर आठवलं. पोराच्या डोक्यालाही नाही.

नीलेश पुण्याला परत गेल्यावर काका माझ्याकडे आले. "सुनंदा, तुही गाडी काढशील काय? कॅप्टनले दुरुस्तीले न्यायचं आहे." मी म्हटलं, चला. शालूत गुंडाळलेली बंदूक मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि आम्ही अब्बासभाईंच्या दुकानात गेलो. लायसन्सवाल्यांच्या बंदुका विकणं, दुरुस्त करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. गप्पिष्ट माणूस. चहा मागवला, शालू सोडला, कौतुकानं दस्त्यावर हात फिरवला. मग सहज मॅगझिन काढलं, तर ते गोळ्यांनी भरलेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नळी भिंतीकडे केली आणि जोर लावून बोल्ट मागे ओढला. आतून एक काडतूस टणकन फरशीवर पडलं.

"काका!" अब्बासभाई किंचाळलेच. "ये तो भरेली है! नळीत गोळी ठेवून तुम्ही इथपर्यंत आणली?"

मी काकांकडे पाहिलं. माझ्या गाडीत! गल्लीतले खड्डे, गतिरोधक, सिग्नल, आणि माझ्या पाठीमागे ती! काका फरशीवरच्या काडतुसाकडे पाहत होते.

अब्बासभाईंनी ते उचललं, डोळ्याजवळ धरलं आणि दिव्याखाली नेलं. मग हळूच म्हणाले, "ही चालवली कोणी?"

काडतुसाच्या बुडाशी, बरोबर मधोमध, टाचणीनं टोचल्यासारखा एक बारीक खळगा होता.

"चाप ओढलेला आहे," ते म्हणाले. "आतला घोडा पडलाय, पण पुरता बसला नाही. जोरच नव्हता त्याला." त्यांनी बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला काळपट, पिवळट, डिंकासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी वास घेतला आणि चक्रावून म्हणाले, "हे काय घातलं? जवस? काका, जवसाचं तेल वाळून चिकट होतं. आणि हे गोड काय येतंय वासाला?"

"मध," काका म्हणाले. "साखर आन् तूपही असंल."

अब्बासभाई हसायला लागले, मग आमची तोंडं पाहून थांबले. "साफ ठेवली असती तर गोळी नक्की उडाली असती," एवढंच बोलले.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. मला समजलं होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं. काकांनीच सुरुवात केली.

"म्या ओढला होता वं."

मी किल्लीवरचा हात काढून घेतला.

"म्या चाप ओढला होता, सुनंदा. पोराच्या छातीवर धरून. टक् असा आवाज झाला, एवढुसा. आन् मंग त्यानं दुपट्टा सोडला."

मी काय करावं? मी शिक्षिका, रागावणं माझा धंदा, तर मी रागावले. "तुम्ही विचारलं का नाही, कोण आहे म्हणून? ओरडायचं तरी! एक हाक मारायची!"

"तेच तं सांगून राहिलो तुले." काका माझ्याकडे वळले. "हातात काही नसतं तं ओरडलो असतो ना. पळालो असतो, तुह्या काकूले उठवलं असतं, हात जोडले असते चोरापुढं. जिंदगीभर तेच केलं. पण हातात कॅप्टन होता. पाठ सरळ झाली माही. विचारायची गरजच नाही वाटली. मी म्हणत होतो ना, आपल्याजवळ असते एवढंच पुरते? तेवढंच पुरलं बघ." मग ते रडले. झुरळाला कागदावर उचलणारा माणूस माझ्या गाडीत बसून तोंडात रुमाल कोंबून रडला, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचंसुद्धा विसरले. इतकी मी हादरले होते.

बंदूक रिकामी करून आम्ही परत आणली, ते काडतूस मात्र काकांनी अब्बासभाईंकडेच ठेवलं होतं. मला शपथ घातली, "मी जिवंत असेपर्यंत नीलेशले सांगायचं नाही. काकूलेही नाही. बापानं आपल्यावर चाप ओढला हे पोरानं डोक्यात घेऊन जगायचं काय? मी गेल्यावर सांगजो, तुले वाटलं तं. तोंडानं नाही जमलं तं लिहून सांगजो."

नीलेश मात्र तो किस्सा सगळ्यांना सांगत सुटला होता. मावसभावाच्या लग्नात, हॉलमध्ये, माइकवरसुद्धा. "आमच्या बाबांनी मला बंदूक दाखवून घरात घेतलं!" सगळे हसायचे. मी काकांकडे बघायचं टाळायची.

त्याच पावसाळ्यात निवडणूक लागली. काकांनी नेहमीप्रमाणे शालू काढला. ठाण्यात मी सोबत होते. आडवी ठेवा वगैरे काही ते बोलले नाहीत. निकाल लागले, ओळखीच्या शिपायाचा फोन आला, "काका, कॅप्टन वाट पाहून राहिला." काका गेले आणि लायसन्ससकट बंदूक सरकारजमा करायचा अर्ज देऊन आले. येताना हातात घडी केलेला शालूचा तुकडा होता. तो त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी त्याचा वास घेतला, जवसाचा, आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मला म्हणाल्या, "सवत होती मेली. पण माह्या लग्नाच्या आधीपासून होती वं घरात."

नीलेशला ते फोनवर कळलं. मी तिथेच होते, स्पीकर चालू होता.

"बाबा, ती माझी होती. तुम्ही दर दसऱ्याला म्हणायचे. मला एकदा विचारलं पण नाही?"

"नाही विचारलं," काका म्हणाले.

"काहून? मी काय गुन्हेगार आहे? दारू पितो? मारामाऱ्या करतो? तुमचा भरवसा नाही माझ्यावर?"

काका माझ्याकडे पाहायला लागले. एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. मी मान हलवली, सांगा म्हणून. त्यांनी मानेनंच मला नाही म्हटलं आणि फोनकडे वाकून म्हणाले, "समज तसं."

पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर नीलेश आईशी बोलायचा, बापाशी नाही. फोन वाजला की काका उठून अंगणात जायचे आणि मागच्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. काकू त्यांना बोलायच्या, "तुमच्या लहरीपायी पोरगा तोडला तुम्ही." काका ऐकून घ्यायचे. मी काकूंवर ओरडायला जायची आणि शपथ आठवून परत यायची. घरी भांडी आपटायची. दुसरं काय करणार?

काका त्याच वर्षी थंडीत गेले, झोपेत. आता मी शपथेतून सुटले आहे, तरी नीलेश समोर आला की जीभ उचलत नाही. म्हणून हे लिहून काढलं. तो वाचेल तेव्हा त्यानं काका जायच्या आधीचा, त्या वर्षीचा दसरा आठवावा. मला काका आठवतात ते त्या सकाळचे.

काकूंनी हट्ट करून, रडून नीलेशला बोलावून घेतलं होतं. तो आला, बापाच्या पाया न पडता खुर्चीत बसला. मी सोनं घेऊन गेले तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काका सोवळं नेसून आले. त्यांनी पाट मांडला, लाल मखमल टाकली, समई लावली, झेंडूची माळ घेतली. पंचामृताची वाटी ठेवली. मखमल रिकामी.

"आता कशाची पूजा करता?" काकू कडवटपणे म्हणाल्या.

काका नीलेशजवळ गेले. "इकडं ये गा."

"काय?"

"पाटावर बस."

"बाबा, काय चाललंय तुमचं?"

"बस म्हटलं ना." आवाज मऊच होता, पण नीलेश उठला. इतका उंच माणूस त्या पाटावर मांडी घालून कसाबसा बसला आणि चिडून म्हणाला, "बंदुकीच्या जागी मला बसवता? मी काय बंदूक आहे?"

काकांनी उत्तर दिलं नाही. माळ त्याच्या गळ्यात घातली. कपाळाला कुंकू लावलं, त्याच्या हातावर पंचामृताचा चमचा सोडला आणि म्हणाले, "पी." त्यातलं अर्धं त्याच्या शर्टावर सांडलं, बरोबर छातीवर. काका त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला तळवा तिथे ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाबा?" नीलेशचा राग उतरला होता. "काय झालं? रडता कायले?"

काकांनी दुसरा हात वर नेला. त्याच्या टाळूवर नखानं एक टिचकी मारली, खाली वाकले आणि कान देऊन ऐकलं.

"वाजते," ते म्हणाले. "चीर नाही पडली."